वऱ्हाडाला दिल्लीत वाली नव्हता म्हणणाऱ्यांसाठी

निवडणुकीचे दिवस आले की अमरावती-अकोल्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: दिल्लीत आपला वजनदार माणूस नाही. कापसाचा भाव पडला, त्याला कारण हेच. शकुंतला रेल्वे बंद पडली, कारण हेच. अकोल्याच्या शिवणीवरून विमान उडत नाही, त्यालाही कारण हेच. जिनिंगच्या आवारात, कोर्टाच्या बाररूममध्ये, परिसंवादात आणि प्रचाराच्या मांडवात ही तक्रार सारख्याच खात्रीने मांडली जाते. गंमत अशी की व्यासपीठावरचा उमेदवार आणि खाली सतरंजीवर बसलेला मतदार, दोघंही ती एकमेकांनाच ऐकवतात. तिचं शेवटचं कडवंही ठरलेलं आहे. एकदा केंद्रात कॅबिनेट मंत्रिपद येऊ द्या, मग बघा.

हा पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याचं खंडन सोपं जाईल, पण ते खरं होणार नाही. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. शेजारच्या नागपूरला नितीन गडकरींच्या काळात काय मिळालं हे वऱ्हाडी माणूस समृद्धीवरून जाताना डोळ्यांनी पाहतो. (समृद्धी राज्याच्या पैशाने झाली, हे त्याला त्या वेळी आठवत नाही. तो मुद्दा पुढे येईलच.) शरद पवारांच्या बारामतीचं उदाहरण तर तोंडपाठ. वाशीमने १९८० आणि १९८४ अशा दोन निवडणुकांत थेट काश्मीरच्या गुलाम नबी आझादांना लोकसभेत पाठवलं, तेव्हा आपल्या मतदारसंघाचा उपयोग दुसऱ्यांची सोय म्हणून होतो, ही भावना निराधार म्हणता येत नाही. आणि २००८ च्या पुनर्रचनेत वऱ्हाडाच्या पाच लोकसभा जागांच्या चार झाल्या, हा तर साधा हिशेब आहे.

तरीही ही समजूत दोन्ही टोकांनी चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. वऱ्हाडाला दिल्लीत वजनदार माणसं मिळाली नाहीत, हे खोटं. आणि ती मिळाली असती तर वऱ्हाडाचं भलं झालं असतं, हेही खरं नाही.

पहिल्या टोकाकडे आधी जाऊ. त्यासाठी वऱ्हाडाच्या एका विचित्र कायदेशीर अवस्थेची आठवण करून द्यावी लागते, कारण ती आता शाळेच्या पुस्तकातूनही निसटली आहे. १८५३ च्या तहाने निजामाने या मुलखाचा कारभार कंपनीच्या हाती दिला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने लॉर्ड कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला. कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची. म्हणजे कायद्याच्या काटेकोर भाषेत अमरावती आणि अकोला ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. मग १९१९ च्या सुधारणा कायद्याने दिल्लीत नवी दोन सभागृहं आली, तेव्हा पेच पडला: जो मुलूख आपला नाही त्यात मतदारसंघ काढायचा कसा? सरकारी डोक्याने तोड काढली. वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची, मतं मोजायची, आणि निवडून आलेल्या गृहस्थाला सरकारने ‘नियुक्त’ करायचं. कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये अशी एक जागा आणि असेंब्लीत एक. कागदावर वऱ्हाडातून निवडून आलेला एकही सभासद दिल्लीत नव्हता. शिवाय त्या सभागृहाने केलेला कायदा वऱ्हाडाला आपोआप लागू होत नसे. तो वेगळ्या हुकुमाने लावावा लागे. असे राहून गेलेले कायदे एकत्र लागू करण्यासाठी १९४१ मध्ये बेरार लॉज ॲक्ट करावा लागला. आपल्या मतदारांना लागू होईलच असं नाही, अशा कायद्यावर वऱ्हाडाचा सभासद दिल्लीत मत देत होता.

प्रतिनिधित्वाचा इतका लंगडा सांगाडा देशात क्वचितच कुठे असेल. आणि त्यात बसलेली माणसं कोण? कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये १९२० च्या निवडणुकीनंतर बसले ते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. टिळकांचे उजवे हात, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, आणि त्याआधी वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद. असेंब्लीत १९२४ पासून यवतमाळचे बापूजी अणे. अणे पुढे १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९४३ मध्ये होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर राजीनामा देऊन बाहेर पडले. या दोघांच्या आधी अमरावतीचेच रघुनाथ नरसिंह मुधोळकर वरिष्ठ कायदेमंडळात होते आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष होते. अमरावतीचेच सर मोरोपंत जोशी १९२८ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी आलेल्या सारडा कायद्याच्या चर्चेत त्या समितीचा अहवाल समोर होता. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी नंतर कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये आणि पुढे घटना समितीत होते. चार जिल्ह्यांच्या मुलखाला याहून जास्त वजन कसं हवं होतं, हे तक्रारदारांनी एकदा सांगावं.

व्यक्ती सोडा, प्रश्न घ्या. वऱ्हाड परत द्या अशी मागणी निजाम मीर उस्मान अली खानाने लावून धरली, तेव्हा लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ रोजी त्याला लिहिलेलं उत्तर हा ब्रिटिश सार्वभौमत्वाचा सगळ्यात स्पष्ट जाहीरनामा मानला जातो. संस्थानांच्या इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात ते पत्र भेटतं. त्या पत्राचा विषय वऱ्हाड होता, हे आपण विसरलो. त्याच वर्षी फेब्रुवारीत अकोल्यात भरलेल्या बैठकीतून, सरकारी पदं स्वीकारून काम करावं म्हणणाऱ्या प्रतिसहकारवाद्यांनी आपला वेगळा पक्ष उभा केला आणि स्वराज्य पक्षातली फूट पक्की झाली. त्या फुटीचं निमित्तही वऱ्हाडीच होतं: अमरावतीच्या श्रीपाद बळवंत तांब्यांनी आदल्या वर्षी मध्य प्रांताच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली होती. दिल्ली वऱ्हाडाकडे पाहत नव्हती, हे म्हणणं त्या काळाला लावताच येत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ही सगळी वकील मंडळी. त्यांना निवडून देणारा मतदार म्हणजे कर भरणारे मूठभर लोक. सावकाराच्या वहीत अडकलेल्या, पऱ्हाटी पिकवणाऱ्या कुणब्याला खापर्ड्यांचं फर्डं इंग्रजी काय कामाचं? मला हा आक्षेप मान्य आहे, इतका की पुढचा युक्तिवाद मी त्याच्यावरच उभा करतो. वऱ्हाडाची माणसं दिल्लीत सगळ्यात ठळक होती त्याच काळात वऱ्हाडाचा शेतकरी कर्जात बुडत होता. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा दिल्लीतल्या या दिग्गजांना त्याचं काही करता आलं नाही. दिल्लीतलं वजन आणि वऱ्हाडातलं पीकपाणी यांचा संबंध तेव्हाही लोक समजतात तितका सरळ नव्हता.

पंजाबराव देशमुख हे या वकिली राजकारणाला दिलेलं उत्तर होतं. आणि ‘कॅबिनेट मंत्रिपद मिळू द्या’ म्हणणाऱ्यांच्या तोंडी त्यांचंच नाव सगळ्यात आधी येतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. पापळ गावचा शेतकऱ्याचा मुलगा, बॅरिस्टर होऊन आला, अंबादेवीच्या मंदिर सत्याग्रहात उतरला, अमरावती जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला, १९३० मध्ये नागपूरच्या कायदेमंडळातून प्रांताचा शिक्षणमंत्री झाला. शिवाजी शिक्षण संस्था याच सुमाराची. त्यांच्या नावाशी जोडला गेलेला कर्जलवाद कायदा १९३३ चा, तोही नागपूरचा. म्हणजे ज्या पंजाबरावांना वऱ्हाडी माणूस आजही ‘भाऊसाहेब’ म्हणून देवघरात बसवतो, त्यांची ती सगळी कामं ते दिल्लीत मंत्री होण्याच्या वीसेक वर्षं आधी, अमरावती आणि नागपूरच्या टापूत झालेली आहेत.

मग १९५२ मध्ये ते लोकसभेत गेले आणि १९६२ पर्यंत नेहरूंच्या सरकारात शेतीचे मंत्री राहिले. पूर्वपक्षाने मागितलेली नेमकी हीच स्थिती. आपला माणूस, आपल्याच विषयाचं खातं, तेही सलग दहा वर्षं. या काळात त्यांनी भारत कृषक समाज काढला. १९५९-६० च्या हिवाळ्यात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, ज्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. ती कामं लहान नव्हती. पण वऱ्हाडाला पाणी किती मिळालं? मिळणार कसं, घटनेच्या राज्यसूचीत पाणी सतराव्या क्रमांकाला आणि शेती चौदाव्या क्रमांकाला आहे. धरणं आणि कालवे नागपुरात ठरायचे, १९५६ नंतर मुंबईत. शिवाय अन्न व शेती मंत्रालयाची कॅबिनेटमधली खुर्ची त्या दहा वर्षांत आधी रफी अहमद किडवई, मग अजितप्रसाद जैन आणि शेवटी स. का. पाटील यांच्याकडे होती. पंजाबराव त्यांच्या हाताखालच्या दर्जाने शेती पाहत होते. अकोल्याला आज त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. ते २० ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालं, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, राज्य सरकारच्या निर्णयाने, आणि त्याआधी वऱ्हाडात त्यासाठी आंदोलन झालं होतं. दिल्लीचा मंत्री असताना जे झालं नाही ते रस्त्यावर उतरून मुंबईकडून मिळवावं लागलं.

पुढची उदाहरणं भरभर सांगून टाकतो. आझाद १९८२ पासून केंद्रात उपमंत्री होते आणि वाशीमचे खासदार होते. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला, राज्य सरकारच्या अधिसूचनेने. अकोल्याचे संजय धोत्रे चार वेळा निवडून आले आणि २०१९ ते २०२१ राज्यमंत्री होते. त्यांच्याकडे शिक्षण आणि दूरसंचार होतं. अकोल्याचं शिवणी विमानतळ केंद्राच्या प्राधिकरणाचं. तिथली धावपट्टी वाढवायची तर शेजारची कृषी विद्यापीठाची जमीन हवी आणि ती राज्याच्या हातात. उलट अमरावतीचं बेलोरा राज्याच्या विमानतळ कंपनीकडे, आणि तिथून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचं विमान उडालं. त्या वेळी अमरावतीचे खासदार विरोधी बाकांवर बसत होते. दिल्लीतल्या वजनाचा सिद्धांत या दोन धावपट्ट्यांवर तपासून पाहावा.

आणि अमरावतीला तर मंत्रिपदाच्याही वरची जागा मिळाली. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेत गेलेल्या, अमरावतीच्या सूनबाई असलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ ला राष्ट्रपती झाल्या. शहरात फटाके फुटले, ते योग्यच होतं. त्या काळात केंद्रात कृषिमंत्री होते शरद पवार. म्हणजे राष्ट्रपती अमरावतीच्या आणि शेतीचं खातं महाराष्ट्राच्या सगळ्यात वजनदार नेत्याकडे. अशा ग्रहयोगात २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी देशव्यापी कर्जमाफी जाहीर केली. आता तिच्यात वऱ्हाडाचं काय झालं ते पाहा, कारण माझा मुद्दा इथेच आहे.

पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्याच्यावर जमीन असेल तर थकबाकीचे पंचाहत्तर टक्के आधी भरा, मग पंचवीस टक्के सूट घ्या. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. कालव्याच्या पाण्यावर पाच एकरात दोन-तीन पिकं येतात. तो माणूस गरीब असेलच असं नाही. अकोटच्या किंवा दर्यापूरच्या कोरडवाहू काळ्या रानात आठ-दहा एकरवाला कापूस पेरतो आणि पावसाच्या भरवशावर बसतो. दिल्लीच्या मापात तो ‘मोठा’ ठरला. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर विहीर खणूनही उपयोग नाही, जमिनीखालचं पाणी खारट. मोठं रान असणं ही तिथे श्रीमंती नसते, कमी उताऱ्याची भरपाई असते. ज्या भागातल्या आत्महत्यांमुळे जून २००६ च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः आले, ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्याच भागातले असंख्य शेतकरी दोन वर्षांनी आलेल्या माफीच्या पूर्ण लाभातून बाहेर राहिले. ओरड झाल्यावर दुष्काळप्रवण जिल्ह्यांसाठी वीस हजारांची किमान सवलत जोडली गेली. एवढंच.

या प्रसंगी वऱ्हाडाला उणीव होती ती हे माप चुकीचं आहे, जमिनीची मर्यादा ओलिताची वेगळी आणि कोरडवाहूची वेगळी धरा, असं मसुदा तयार होत असतानाच आकडे घेऊन अर्थखात्याच्या दारात बसणाऱ्या चार-पाच खासदारांची. हे काम मंत्री नसलेल्या माणसालाही जमतं. किंबहुना मंत्र्याला ते जास्त अवघड जातं, कारण मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध त्याला बोलता येत नाही.

केंद्राच्या हातात वऱ्हाडाचं काय काय आहे, याची यादी आपल्याकडे कुणी नीट करत नाही, म्हणून सगळंच तिकडे लोटलं जातं. पाणी नाही, जमीन नाही, कृषी विद्यापीठ नाही, वीजपंपाची जोडणी नाही. ही सगळी मुंबईची देणी. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा दाखवला. तो हिशेब मुंबईच्या दप्तराचा होता. आणि त्यातही ‘विदर्भ’ म्हणून बेरीज केली की नागपूर विभागाच्या धरणांखाली अमरावती विभागाची कोरड झाकली जाते. सिंचनाचा अनुशेष वर्षानुवर्षं कुणाच्या नावावर शिल्लक राहिला हे पाहिलं तर नाव अमरावती विभागाचंच निघतं. ‘दिल्लीत वाली नाही’ या घोषणेचा सगळ्यात मोठा फायदा मुंबईत बसणाऱ्यांना होत आला आहे. आमदाराला कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं एकाच घरात जिल्हा बँक आणि बाजार समिती असलेल्या पुढाऱ्यालाही कुणी विचारत नाही. तोच सभेत सर्वांत मोठ्याने दिल्लीला शिव्या देतो.

बारामतीचं उत्तरही यातच आहे. पवारांच्या मागे जे उभं राहिलं ते साखर कारखाने, दूधसंघ, बँका आणि कालव्याचं पाणी, आणि यातलं बहुतेक त्यांच्या दिल्लीच्या आधीचं किंवा दिल्लीशिवायचं. वऱ्हाडाने १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना पाहिली, तीही राज्याच्या १९७१ च्या कायद्याची होती. ती चालली कशी आणि बुडाली कशी, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण तिचा हिशेब दिल्लीत मागून उपयोग नाही.

दिल्लीच्या हातात खरोखर आहे ते वेगळं, आणि ते मोजकं आहे. कापसाचा हमीभाव देशभर एकच असतो. कोरडवाहू रानात एकरी उतारा कमी, म्हणून क्विंटलमागे खर्च जास्त, हे त्या एका आकड्यात बसत नाही. आयातशुल्क दिल्लीचं. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर ११ टक्के शुल्क आलं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे सीतादही होऊन पहिला वेचा घरात येतो, बैलगाड्या आणि मेटॅडोर जिनिंगच्या फाटकापुढे लागतात, नेमक्या त्या तीन महिन्यांत बाहेरचा कापूस बिनशुल्क आत. कापडगिरण्यांची मागणी होती आणि त्यांच्या संघटनांनी ती पद्धतशीर लावून धरली होती. त्यांना त्यासाठी स्वतःचा मंत्री लागला नाही. कापूस पिकवणाऱ्यांच्या बाजूने तितक्याच चिकाटीने, हंगामाच्या आधी, संसदेच्या वाणिज्य समितीपुढे आणि वस्त्रोद्योग खात्यात कोण बसलं? देशात कापूस पिकवणारे लोकसभा मतदारसंघ पुष्कळ आहेत. गुजरात, तेलंगणा, मराठवाडा, खानदेश. वऱ्हाडाच्या चार खासदारांनी त्यांची मोट बांधली तर ती कोणत्याही एका राज्यमंत्र्यापेक्षा जड भरेल. अणे असेंब्लीत एकटे होते तरी प्रतिसहकार पक्षात जयकर, केळकर आणि मुंजे यांच्याबरोबर उभे राहून वजन कमावत होते, हे इथे आठवावं.

वैधानिक विकास मंडळंही दिल्लीशी बांधलेली. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ती १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली. मंडळं निरुपयोगी होती असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं सगळं चुकीचं नाही. पण अनुशेषाचा आकडा दरवर्षी राज्यपालांच्या टेबलावर नेणारी तेवढी एक वाट होती. ती मुदत संपली तेव्हा विदर्भातल्या दहा खासदारांपैकी कितीजण सभागृहात त्यावर उभे राहिले, हा प्रश्न मतदारांनी विचारायला हरकत नव्हती. विचारला गेला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष मंत्रिमंडळाच्या विस्ताराकडे होतं.

आता शकुंतला. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर, अशी ही अरुंद रुळांची गाडी कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आली. किलिक-निक्सन कंपनीशी जुना करार असल्याने स्वातंत्र्यानंतरही तिच्या मालकीचा घोळ सुटला नाही, आणि शेवटी गाडीच थांबली. रेल्वे निर्विवाद केंद्राची, त्यामुळे इथे तक्रार दिल्लीकडेच करायला हवी. पण या मार्गाकडे मतदारसंघांच्या नकाशावरून पाहा. यवतमाळ, दारव्हा, कारंजा हा पट्टा यवतमाळ-वाशीममध्ये. मूर्तिजापूर अकोल्यात. अचलपूर अमरावतीत. एका गाडीचे तीन खासदार, म्हणजे खरं तर एकाचाही नाही.

हा नकाशाच माझ्या मते वऱ्हाडाच्या प्रतिनिधित्वाचा आजचा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांत विधानसभेच्या तीस जागा आहेत. बुलडाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ-वाशीम या चार लोकसभा मतदारसंघांत त्यातल्या चोवीसच बसतात. मलकापूर रावेरला जोडलं आहे. वणी आणि आर्णी चंद्रपूरला. उमरखेड हिंगोलीला. धामणगाव रेल्वे आणि मोर्शी वर्ध्याला. बदल्यात बाहेरचा एकही तुकडा वऱ्हाडात आलेला नाही. बापूजी अण्यांचं वणी आज वऱ्हाडाच्या कोणत्याही खासदाराला मत देत नाही. मोर्शी-वरुडचा संत्रा उत्पादक बांगलादेशाने आयातकर वाढवला की हवालदिल होतो. परराष्ट्र व्यापार हा तर अगदी दिल्लीचाच विषय. पण त्याचा खासदार वर्ध्याचा, परतवाडा-अचलपूरकडच्या बागायतदाराचा अमरावतीचा आणि पलीकडे काटोलवाल्याचा रामटेकचा. संत्र्याचा पट्टा एक आणि त्याची दिल्लीतली बाजू तीन ठिकाणी वाटलेली, त्यातही तिघांच्या मतदारसंघात संत्रावाले अल्पसंख्य.

इथे एक गोष्ट मतदारांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पुढारी सांगतात तसं मंत्रिपद डोळ्यांपुढे ठेवून वऱ्हाडी माणूस मत देतो, असं दिसत नाही. १९८९ मध्ये अमरावतीने कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख निवडून दिले, ज्यांच्या पक्षाला सत्तेत बसण्याची सुतराम शक्यता नव्हती. २०१९ मध्ये अपक्ष निवडून दिला. १९९८ ला रा. सू. गवई आणि अकोल्यात प्रकाश आंबेडकर. मतदार वजन पाहतो, पण त्याच्या काट्यावर खुर्ची एकटी नसते. पडलेल्या उमेदवाराची बाजू मांडणारेच नंतर मंत्रिपदाचा मुद्दा काढतात.

पुढची पुनर्रचना आता फार लांब नाही. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली, आणि ती जनगणना आता होऊ घातली आहे. महाराष्ट्राच्या जागा वाढोत की न वाढोत, राज्याच्या आत वाटणी लोकसंख्येवर होणार. मुंबई-ठाणे-पुण्याकडे माणसं वाढली, वऱ्हाडाच्या खेड्यांतून ती तिकडेच गेली. मागच्या खेपेला पाचाचे चार झाले ते याच हिशेबाने.

मागच्या परिसीमन आयोगाबरोबर प्रत्येक मोठ्या राज्यातून दहा सहयोगी सभासद होते, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना मताचा अधिकार नव्हता. म्हणणं मांडायचा होता. मसुदा छापला गेला, हरकती मागवल्या गेल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. पुढच्या वेळीही असंच होईल. मोर्शी आणि धामणगाव अमरावतीत परत घ्या, वणी आणि आर्णी यवतमाळात घ्या, पूर्णेचा खारपाणपट्टा शक्य तितका एका मतदारसंघात ठेवा, अशी हरकत लोकसंख्येच्या बेरजांसह लिहून देण्यासाठी केंद्रात मंत्री असावा लागत नाही. तालुकानिहाय जनगणनेचे तक्ते लागतील, गट-गणांचा नकाशा लागेल, आणि अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयातल्या भूगोल विभागाने हे काम मसुदा येण्याच्या आधी सुरू केलेलं असावं लागेल. हरकतीची मुदत फार मोठी नसते.